हरकतवाली

“छबुवहिनी, तुम्हाला भांडता येतं का?”

बशीतला शेवटचा घोट संपवून हमीदभाईंनी विचारलं. मी कढईत वडे सोडत होते.

“आमच्या ह्यांना विचारा,” मी म्हटलं. “का? कुणाशी भांडायचंय?”

“आमच्याशी.”

झारा हातात तसाच धरून मी त्यांच्याकडे बघत राहिले. हमीद डांगे म्हणजे आमच्या केळमाथ्याच्या टॅक्सी संघटनेचे अध्यक्ष. उंच, सडसडीत, डोक्यावर विणलेली टोपी, आणि जीभ अशी की घाटात पोलिसानं गाडी अडवली तर शेवटी पोलीसच “जा बाबा” म्हणून हात जोडायचा. माझी टपरी टॅक्सी स्टँडच्या भिंतीला टेकून. दिवसभरात माझ्या गल्ल्यात जे पडायचं ते सगळं या ड्रायव्हरांच्याच खिशातलं. त्यांच्याशी भांडायचं म्हणजे आपल्याच कढईत पाणी ओतायचं.

“नगरपरिषदेत पॉइंटच्या दराची सुनावणी आहे,” ते म्हणाले. “आम्हाला एक हरकतवाला पाहिजे.”

केळमाथा हे थंड हवेचं गाव. पाहुणे येणार, टॅक्सी करणार, सूर्यास्ताचा पॉइंट, धबधब्याचा पॉइंट, देवळाचा पॉइंट असं फिरून मका खाऊन जाणार. कुठल्या पॉइंटला किती भाडं घ्यायचं ते नगरपरिषद, आरटीओचा माणूस आणि संघटना असे तिघं मिळून ठरवायचे आणि स्टँडवरच्या पिवळ्या फळ्यावर रंगवायचे. डिझेल वाढलं की संघटना अर्ज करायची. मग नगरपरिषद नवीन दर प्रसिद्ध करून गावाच्या हरकती मागवायची. एवढं मला माहीत होतं. हरकत घ्यायला माणूस ठेवावा लागतो, हे मात्र नवीन होतं.

“हरकत नाही आली तर बरंच की तुमचं,” मी म्हटलं. “दर लगेच वाढेल.”

“तिथंच तर गोम आहे. मागं एक साहेब होते. एकाही माणसाची हरकत नाही, म्हणजे गावाला कळवलंच नाही, असं म्हणून त्यांनी फाइल परत पाठवली. पुन्हा नोटीस, पुन्हा मुदत, तोवर सीझन गेला. तेव्हापासून आम्हीच एक माणूस नेतो. देवाला नारळ, तसा दराला हरकतवाला. ओगले नाना होते ना पोस्टातले, ते घ्यायचे. काय तळमळीनं घ्यायचे! पण त्यांचा खुबा मोडला, पोरानं पुण्याला नेलं.”

“आणि हरकत घेतल्यावर काय होतं?”

“तुम्ही म्हणायचं, दर फार आहेत, गोरगरिबांनी हवा खायला यायचं की नाही? मग मी उठून डिझेलचं रडगाणं गाणार. साहेब म्हणणार, हरकतीची नोंद घेतली. मग चहा आणि वडा.”

“वडा कुठला?”

“तुमचाच.”

“म्हणजे हरकत मीच घ्यायची आणि वडाही मीच तळायचा.”

“वड्याचे पैसे संघटना देणार की!”

मी हसले आणि हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला आत कुठंतरी बरं वाटलं होतं. माझी शाळा चौथीतच सुटली. पुढचं सगळं शिक्षण वड्याच्या रद्दी पेपरावर झालेलं. एक वडा बांधायचा आणि कागदावरची अर्धी बातमी वाचायची. उरलेली अर्धी कुणाच्या तरी वड्याबरोबर निघून गेलेली असायची, ती मनानं पुरी करायची. अशा बाईला नगरपरिषदेच्या सभागृहात उभं राहून बोलायला मिळणार, मग ते नाटक का असेना!

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा माझी स्वरूपा खाली पारवडीच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होती. सकाळी एसटीनं घाट उतरायची. पण प्रॅक्टिकलच्या दिवशी ती सुटायची तोवर वर येणारी शेवटची एसटी निघून गेलेली असायची. हॉस्टेल आमच्या आवाक्यातलं नव्हतं. हे एका बंगल्यावर माळी, मी टपरीवर. पोरगी तरीही शिकत होती, ती परतीच्या सीटवर.

परतीची सीट म्हणजे आमच्या घाटाचा जुना रिवाज. टॅक्सी पाहुण्यांना खाली सोडायला जायची, येताना रिकामी. पारवडीच्या पेट्रोल पंपासमोर चिंचेखाली आमची माणसं उभी असायची. दवाखान्यातून आलेली, कोर्टातून आलेली, बाजार करून आलेली. ड्रायव्हर थांबायचा. माणूस पुढं ड्रायव्हरशेजारी बसायचा, मागच्या पांढऱ्या कव्हराच्या सीटवर नाही. ती पाहुण्यांची. भाडं ठरलेलं नव्हतं. कुणी एसटीच्या तिकिटाएवढं द्यायचं, कुणी मेथीची जुडी, कुणी नुसतं “येते रे बाबा” म्हणायचं. स्वरूपा बहुतेक हमीदभाईंच्याच गाडीतून यायची. पारवडीतल्या एका हॉटेलचे पाहुणे परत खाली सोडायचं काम त्यांच्याकडे असायचं, आणि ती वेळ हिच्या प्रॅक्टिकलच्या सुटण्याशी जुळायची. अंधार पडायच्या आत गाडी स्टँडवर लागायची, पोरगी वह्या छातीशी धरून उतरायची आणि हमीदभाई मला ओरडून सांगायचे, “वहिनी, पार्सल आलंय!”

सुनावणीच्या दिवशी मी लग्नातली साडी काढली. हे दारात खुरपं घासत बसले होते.

“काय बोलणार?”

“दर फार आहेत.”

“एवढंच ना?”

“एवढंच.”

“नक्की? कारण तू ‘आणि शिवाय’ म्हणालीस की माझ्या पोटात गोळा येतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, ‘आणि शिवाय’नंतर माझं कधी भलं झालं नाही.”

“काही म्हणत नाही,” मी म्हटलं. “गप खुरपं घासा.”

सभागृहात लांब टेबल. टेबलामागं मुख्याधिकारी वानखडे साहेब, नुकतेच विदर्भातून बदलून आलेले, तरुण, स्वेटरवर स्वेटर घातलेले. शेजारी आरटीओचा माणूस, बिस्किटात रमलेला. बाजूला नगरपरिषदेचे भिलारे भाऊसाहेब कागद घेऊन. समोर खुर्च्यांवर पंधरा-वीस ड्रायव्हर, सगळे माझे रोजचे गिऱ्हाईक. पुढच्या रांगेत हमीदभाई. त्यांच्या शेजारी सूर्यकांत बावळेकर. तो तेव्हा तिशीचाही नव्हता. कर्ज काढून नवी मोठी गाडी घेतलेला, शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून ताठ बसणारा.

भिलारे भाऊसाहेबांनी दर वाचायला सुरुवात केली. सूर्यास्त इतके, धबधबा इतके, थांबण्याचे इतके. मी मनात माझं वाक्य घोळवत होते. ‘गोरगरिबांनी हवा खायला’ की ‘हवा खायला गोरगरिबांनी’? कुठलं जास्त जोरदार?

आणि मग भाऊसाहेबांनी पान उलटलं.

“परतीच्या प्रवासात पारवडी ते केळमाथा मार्गावर कोणताही प्रवासी घेतल्यास त्याच्याकडून संपूर्ण गाडीचे मंजूर भाडे आकारणे बंधनकारक राहील. यात कसूर करणाऱ्या चालकास स्टँडवरील नंबर आठ दिवस मिळणार नाही. सही, अध्यक्ष, हमीद डांगे.”

मला आधी अर्थच लागला नाही. मग हळूहळू लागला. संपूर्ण गाडीचं भाडं. कोणताही प्रवासी.

म्हणजे चिंचेखाली उभ्या असलेल्या स्वरूपासमोर गाडी थांबणार, आणि एकतर ती पूर्ण गाडीचं भाडं देणार, नाहीतर ड्रायव्हरचे आठ दिवस भाड्याविना जाणार. कोण कशाला आठ दिवस घालवेल? आणि पूर्ण भाडं आम्ही दिलं असतं तर एका प्रॅक्टिकलपायी आठवड्याचे वडे गेले असते. पोरगी शहाणी होती. तिनं आम्हाला हिशोब करायलाही लावला नसता. एके दिवशी घरी येऊन म्हणाली असती, आई, मला तसंही केमिस्ट्री आवडत नाही.

मी हमीदभाईंच्या पाठीकडे बघितलं. मानेखाली शर्टाची कॉलर उसवलेली होती. माणूस दर प्रॅक्टिकलला माझ्या पोरीला शेजारी बसवून आणतो आणि याच्यावर सही करतो? वर मलाच नाटकात घेतो?

“हरकत कोणाची आहे?” वानखडे साहेब म्हणाले. “आलंय न कोणी?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले. साडीच्या निऱ्या धरून ठेवल्या.

“पॉइंटच्या दराला माझी काही हरकत नाही, साहेब.”

मागून कुणीतरी खुसखुसलं. त्यांना वाटलं, बाई वाक्य विसरली.

“डिझेल वाढलंय, दर वाढणारच. वाढवा. पाहुणे देतील,” मी म्हटलं. “माझी हरकत शेवटच्या कलमाला आहे. परतीच्या सीटला.”

खुसखुस थांबली.

“बोला न बाई,” साहेब म्हणाले. “काय आहे ही परतीची सीट? मला तर माहीतच नाही.”

मग मी सांगितलं. चिंचेखालच्या माणसांचं सांगितलं, मेथीच्या जुडीचं सांगितलं. नवीन साहेब होते, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि पहिल्यापासून सांगता सांगता माझा आवाज सुटत गेला.

“माझी पोरगी कॉलेजात जाते. प्रॅक्टिकल संपेस्तोवर एसटी गेलेली असते. हे कलम लागू झालं तर तिचं कॉलेज सुटलं. तिला अजून माहीत नाही. मलाच आत्ता इथं बसल्यावर कळलं. आणि शिवाय…”

म्हटलं गेलं बाई. मनात यांचा चेहरा आला, पण थांबायला वेळ नव्हता.

“…आणि शिवाय ही सीट काही संघटनेनं सुरू केलेली नाही. यांचे बाप जीप चालवायचे तेव्हापासून आहे. ज्यांनी दिली ती माणसं गेली. यांनी नुसती चालू ठेवायचीय.”

सूर्यकांत उठला. “साहेब, बाईंना पूर्ण माहिती नाही. पाहुणेच आता चिंचेखाली थांबायला लागलेत. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलंय म्हणे, पंपासमोर उभं राहा, स्वस्तात वर जाल. आमचं वर येणारं भाडं त्यानं बुडतं. माझा गाडीचा हप्ता कुणी भरायचा?”

खरं बोलत होता तो. त्याचा हप्ता खोटा नव्हता. माझी पोरगीही खोटी नव्हती.

“मग पाहुण्यांकडून पूर्ण घ्या,” मी म्हटलं. “कोण नको म्हणतं?”

“पण ओळखायचं कसं?” साहेबांनी विचारलं. “पाहुणा कोण अन् गावचा कोण? ड्रायव्हरनं काय रेशनकार्ड बघायचं का?”

“साहेब, पाहुणा मागं बसतो आणि काचेतून डोंगर बघतो. आमचा माणूस पुढं बसतो आणि ड्रायव्हरच्या आईचे गुडघे कसे आहेत ते विचारतो.”

आरटीओच्या माणसाच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. साहेब हसले. ड्रायव्हरांतलेही दोघं-तिघं हसले आणि सूर्यकांतकडे बघून गप्प झाले.

सूर्यकांत लाल झाला. “साहेब, हिला काय विचारता? हिला तर आम्हीच…”

भिलारे भाऊसाहेब इतक्या जोरात खोकले की टेबलावरचा कागद उडाला. सूर्यकांतचं वाक्य तिथंच अडकलं. पुढं काय बोलणार होता? हिला आम्हीच आणलंय? हरकत घ्यायला माणूस आम्हीच आणतो आणि वडा घालतो? तो उघड्या तोंडानं उभा राहिला आणि मग खाली बसला.

“अध्यक्षांचं काय म्हणणं आहे?” साहेबांनी विचारलं.

हमीदभाई उठले. मी पदर खोचला. म्हटलं, आता हा माणूस बोलायला लागला की आपलं काही खरं नाही.

“साहेब,” ते म्हणाले. टोपी काढली, पुन्हा घातली. “असं आहे की… म्हणजे त्या म्हणतात ते… डिझेल फार वाढलंय.”

“ते तर पॉइंटच्या दरात आलं न?”

“हो. आलं.”

“मी परतीच्या सीटचं विचारतोय.”

“परतीचं…” हमीदभाईंनी छताकडे बघितलं. “आता परतीचं काय, गाडी तशीही वर येतच असते.”

“म्हणजे रिकामीच येते?”

“रिकामीच येते.”

“मग एखादं माणूस बसलं तर तुमचं नुकसान काय?”

“तसं बघायला गेलं तर…” ते म्हणाले आणि बराच वेळ तसं बघत राहिले. “तसं काही सांगता येणार नाही.”

सूर्यकांतनं कपाळावर हात मारला, तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला.

साहेबांनी भाऊसाहेबांना सांगितलं, लिहा. पाहुण्यांना पूर्ण भाडं. गावच्या माणसांना परतीच्या सीटचा रिवाज आहे तसा चालू राहील. आरटीओच्या माणसानं मान हलवली. झालं. मी खाली बसले आणि मग मला घाम फुटला.

त्या दिवशी वडा कुणी खाल्ला नाही. टोपलं भरलेलं परत घेऊन आले.

पुढचे बरेच दिवस टपरी ओस पडली. ड्रायव्हर रस्त्यापलीकडच्या हॉटेलात जाऊ लागले. मी कढई तापवायची आणि भिंतीकडे बघत बसायची. हे म्हणाले, “तरी मी सांगत होतो,” आणि मग माझा चेहरा बघून म्हणाले, “पण बरं बोललीस म्हणे. बंगल्यावरचा स्वयंपाकी सांगत होता.” हळूहळू एकेक जण परतला. पलीकडचा वडा थंड असायचा. तत्त्व कितीही मोठं असलं तरी माणूस थंड वड्यावर किती दिवस काढणार?

हमीदभाई मात्र दुसऱ्या दिवसापासूनच येत होते. एकटेच. मी चहा पुढं ठेवायची, बोलायची नाही. तेही बोलायचे नाहीत. संध्याकाळी “वहिनी, पार्सल!” एवढंच.

संघटनेच्या पुढच्याच बैठकीत त्यांचं अध्यक्षपद गेलं. “भाईंचं वय झालं, साहेबापुढं बोलता येत नाही,” असं सगळ्यांचं ठरलं. सूर्यकांत अध्यक्ष झाला. मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, थोडी ऐटही आली. हमीद डांगेला मी गप्प केलं! ज्याच्यापुढं पोलीस हात जोडतो त्याला चौथी शिकलेल्या बाईनं मुका केला. पुढं कितीतरी वर्षं मी हा किस्सा सांगत आले. भावजयीला सांगितला, विहिणीला सांगितला. “हिला तर आम्हीच”च्या जागी उठून सूर्यकांतची नक्कल करायचे आणि छताकडे बघून हमीदभाईंची.

स्वरूपा शिकली. बी.एस्सी. झाली, मग पुढंही शिकली. आता नाशिकला पाण्याची तपासणी करते. कुठल्या गावचं पाणी प्यायचं आणि कुठलं नाही, ते तिची सही ठरवते.

आणि हरकतवाली म्हणून मी कायमची झाले. नाटकच, पण दर सुनावणीला पूर्ण कलमं ऐकून मगच उभी राहते.

मागच्या वर्षी सूर्यकांत असाच आमंत्रण घेऊन टपरीवर आला. आता त्याचेही केस पांढरे झालेत, शर्टाची इस्त्री मोडली तरी चालते.

“ताई, यंदा फक्त दरावर बोला हं,” तो हसत म्हणाला. “पहिल्यांदा आमचं वाटोळं केलंत तेवढं पुरे. चूक हमीदभाईंची. मी सांगत होतो, माझ्या चुलतभावाला नेऊ हरकतीला. तर अडून बसले, छबुवहिनीच पाहिजेत.”

“माझा आवाज मोठा म्हणून असेल.”

“तेच म्हणाले. मी म्हटलं, अहो भाई, यांची पोरगी कॉलेजात जाते ना, परतीच्या गाडीनं येत असेल, गोत्यात आणतील. तर म्हणाले, छे, ती कुठं परतीच्या गाडीनं येते? मला तर माहीत नाही.” सूर्यकांतनं वड्याचा घास घेतला. “मला खरं वाटलं. मी तेव्हा लांबची भाडी करायचो, संध्याकाळी स्टँडवर नसायचो. पुढं अध्यक्ष झाल्यावर इथं बसायला लागलो, तर सारखी त्यांच्याच गाडीतून उतरताना दिसायची!”

तो हसत होता. मी झारा खाली ठेवला. गॅस बंद केला.

“काय झालं, ताई?”

“काही नाही. तू बस. मी जरा जाऊन येते.”

“अहो, टपरी?”

“तू बघ,” मी म्हटलं आणि निघाले.

हमीदभाईंचं घर बाजाराच्या मागच्या उतारावर. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी सोडलीय. अंगणात खुर्ची टाकून बसले होते, काळा चष्मा लावून, एखाद्या पाहुण्यासारखे.

“कोण, वहिनी? या. टपरी बंद? कुणी गेलं का काय?”

“कुणी नाही गेलं. बसले होते म्हटलं जरा भेटावं.”

“मघाशी नातू सांगत होता,” ते म्हणाले, “आता खाली शहरात गाडी फोनवर बोलावतात. आणि दर म्हणे दर घटकेला बदलतो. पाऊस आला, वाढला. गर्दी झाली, वाढला. मी विचारलं, सुनावणी कुठं होते? तर हसायला लागला. फोनमध्येच ठरतं म्हणे.” त्यांनी मान हलवली. “मग चुकलं तर त्यांना सांगतं कोण?”

मी पायरीवर बसले.

“भाई, त्या सुनावणीत तुम्ही मुद्दाम हरलात.”

“कोण म्हणतं?”

“सूर्यकांत.”

“त्याला काय कळतंय? त्याला अजून धड रिव्हर्स घेता येत नाही.”

“सही तुमची होती.”

“असणारच. सगळ्यांनी हात वर केले. अध्यक्षाला वेगळा हात नसतो, वहिनी.”

“मग मला आधी सांगायचं तरी! मी इतकी वर्षं तुम्हाला…”

हमीदभाईंनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. “सांगितलं असतं तर बोलताना तुम्ही माझ्याकडं बघितलं असतं. तुमच्या तोंडावर सगळं दिसतं. त्या दिवशी राग दिसला, तो खरा होता म्हणून साहेबानं ऐकलं.”

“आणि तुमची खुर्ची गेली ती?”

“अध्यक्ष संघटनेच्या विरोधात बोलला तर गद्दार. हरला तर नुसता बावळट.” ते हसले. “बावळट परवडतो. त्याच्याशी लोक बोलायचे थांबत नाहीत. तुम्ही थांबला होता तेवढ्याच.”

वाटेत मी बरंच काही जुळवलं होतं. हरकत घेताना जुळवायचे तसं, आधी काय म्हणायचं, मग काय. त्यातलं एकही वाक्य आता जागेवर नव्हतं.

“भाई,” मी कसंबसं म्हटलं, “पोरगी शिकली माझी.”

“शिकणारच. घाट चढेपर्यंत शेजारी बसून मोठमोठ्यानं पाठ करायची. वळण आलं की थांबायची, वळण गेलं की पुढं सुरू. मला ती नावं अजून येतात.” त्यांनी डोळे मिटले आणि एकेक शब्द पायरी उतरावी तसा सावकाश म्हटला, “पोटॅशियम परमँगनेट.”

मी पदरानं तोंड झाकलं. हसत होते की काय, मलाच कळेना.

“बरोबर आहे ना?” त्यांनी काळजीनं विचारलं.

“बरोबर आहे, भाई.”

भाईंच्या बायकोनं, रशीदाभाभींनी, आतून चहा आणला. दूध पातळ, साखर भरमसाठ, आलं नावालाही नाही. माझ्या टपरीवर असा चहा मी वैऱ्यालाही दिला नसता. मी बशीत ओतून सगळा प्यायले आणि कप भाभींपुढं धरला.

“अजून अर्धा द्या,” म्हटलं.